आकडीची धार

दादा, तुम्ही गेलात त्या दिवसापासून लोक मला शहाणी सून म्हणू लागले.

रोज कोणी ना कोणी यायचं. पडवीत चटईवर बसायचं, तुमच्या फोटोला हात जोडायचं, अर्धा कप चहा घ्यायचं आणि उठताना माझ्याकडे वळून म्हणायचं, "सासऱ्याचं जाम केलंस गो बाय तू." दहाव्याला तर वैशालीताईंनी भरल्या घरात माझे दोन्ही हात धरले. "मी पोटची लेक असून केलं नाय ते हिनं केलं," म्हणाल्या आणि रडल्या. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो माझा विनय वाटला. तुमच्या लेकीच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत नव्हती, एवढंच ते होतं.

तुमच्याशी इतकं सलग मी कधी बोलले नाही. सून सासऱ्याशी जेवढं बोलते त्याहून आपण जास्तच बोलायचो म्हणा, पण ते सगळं मासळी, गोळ्या, तळ्याचं पाणी आणि ती सुरी यांच्याबद्दल. भांडलो तेही त्यावरूनच. आता तुम्ही मध्येच "पुरे गो" म्हणून थांबवणार नाही, म्हणून माझी जीभ सुटलीय. जिवंतपणी जे दोन वाक्यांत सांगता आलं असतं ते आज एवढं लांबण लावून सांगतेय, याचीही लाज वाटते.

ती सुरी अजून फळीवरच आहे, तुमच्या टोपीशेजारी. जहाजावर नोकरीला असलेल्या तुमच्या चुलतभावानं कुठल्याशा बंदरातून आणलेली शिकारी सुरी. वीतभर पातं, शिंगासारखी दिसणारी पण प्लास्टिकची मूठ, आणि पात्याच्या पाठीवर टोकाजवळ आत वळलेली एक आकडी. पोपटाच्या चोचीएवढी. धार त्या आकडीच्या आतल्या अंगाला. शिकारी लोक मारलेल्या जनावराचं पोट म्हणे तिनं उघडतात. आकडी कातडी तेवढी धरते, आतलं काही फुटत नाही. आपल्या घरात शिकार कोण करणार? तुम्ही ती तळ्यातल्या जिताड्यांना लावलीत. चुलतभाऊ सुट्टीवर आला की चिडवायचा, "वाघाची सुरी दिली तुला, तू मासं फाडतोस." तुम्ही म्हणायचात, "वाघाचा रस्सा कोन खातो?"

मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन नायगावला या खाडीकाठच्या घरात आले तेव्हा मासा म्हणजे बाजारात तुकडे करून पिशवीत मिळणारी वस्तू, एवढीच माझी अक्कल. पहिल्याच रविवारी तुम्ही मला मागच्या दारी बोलावलंत. मासळी कापायच्या फळीवर एक जिताडा पडलेला, माझ्या हाताएवढा लांब. मी पदर नाकाला लावला.

"तोंड नको फिरवू, सूनबाय. बघ. एकदाच दाखवतो."

तुम्ही ते एकदा कधीच संपवलं नाहीत, ही गोष्ट वेगळी. आकडी खाली शेपटीच्या बाजूला घातलीत आणि वर डोक्याकडे ओढलीत. बॅगेची चेन उघडावी तसं पोट उघडलं. दोन बोटांनी आतलं सगळं अलगद बाहेर काढून तुम्ही एक हिरवट पिशवी मला दाखवलीत, करंगळीच्या पेराएवढी. "ह्या पित्त. ह्या फुटला का सगला मासा कडू. सुरीचा टोक आत जातो नि फोडतो. आकडी आत जातच नाय. कललं?" मला कळलं होतं ते एवढंच की हा माणूस आपल्याला पाहुणी समजत नाही. परक्या घरात आल्यावर सुनेला एवढंच हवं असतं, दादा, आणि ते तुम्ही पहिल्याच रविवारी दिलंत.

धार लावायला शिकवलंत तेही असंच. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. नितीनला तुम्ही आधी बोलावलं होतं, तर तो म्हणाला, "दादा, बाजारात साफ करून देतात ना आता." तुमच्या लेकानं हात वर केले म्हणून तुम्ही सुनेला धरलंत. आकडीत सपाट दगड जात नाही, त्यामुळे शिसपेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळायचा, ओला करायचा आणि आतून बाहेर, आतून बाहेर घासायचं. परत आत न्यायचं नाही. पॉलिश पेपर मी गोखिवऱ्याच्या गाळ्यातून आणायची. तिथे मी हिशेब बघते, आणि तिथले कारागीर मला उरलेले तुकडे देऊन विचारायचे, "मॅडम, घरी कारखाना काढला का?" आणि तुमची ती काजळाची युक्ती! धारेला आधी काळं लावायचं. घासून काळं सगळीकडून सारखं निघालं की समजायचं, पेपर सगळीकडे पोचला. त्यासाठी तुम्ही माझीच काजळाची डबी मागितली होतीत. नवी नवरी मी, रागानं लाल झाले. मग डबी त्या पेन्सिलीबरोबर फळीवरच राहू लागली.

शनिवारी संध्याकाळी पडवीत बसून आपण हे काम करायचो. म्हणजे मी करायची आणि तुम्ही चुका काढायचात. समोर तळं, तळ्यापलीकडे वाढत चाललेले टॉवर. झालं की तुम्ही वर्तमानपत्राची पट्टी आकडीत धरून ओढायचात. आवाज न होता पट्टी चिरली गेली की म्हणायचात, "पास." माझ्या नोकरीत मला इतक्या वर्षांत कोणी पास म्हटलेलं नाही.

मग तुमचं हृदयाचं दुखणं आलं आणि रक्त पातळ राहायच्या गोळ्या सुरू झाल्या.

तो रविवार तुम्हाला आठवत असेल. सुरी घसरली आणि आकडी तुमच्या तळव्यात गेली. एरवी असल्या कापण्यावर तुम्ही हळद दाबून पुढच्या कामाला लागायचात. त्या दिवशी रक्त थांबेचना. नितीन ड्युटीवर, आई घाबरून देवापुढे बसल्या. मी रिक्षात तुमचा हात टॉवेलात धरून बसले होते आणि टॉवेल जड होत चालला होता. तुम्ही मात्र रिक्षावाल्याला सांगत होतात, "सावकाश चालव रं, खड्ड्यात नको पाडू, ही घाबरते." टाके पडले. डॉक्टरनं तुम्हाला नाही, मला झापलं. "पेशंटच्या हातात सुरी देता कशी तुम्ही?"

घरी आल्यावर आपलं भांडण झालं. मी म्हटलं, यापुढे सुरीला हात लावायचा नाही. तुम्ही म्हणालात, "हात माजा, रगत माजा, तुला काय तरास?" मी म्हटलं, त्रास मलाच होतो, बोलणी मलाच बसतात. टाके निघाल्यावर पहिल्याच शनिवारी पडवीत बसून हाक मारलीत, "सूनबाय, धार लाव गो." जणू काही झालंच नव्हतं.

मी धार लावली. तुम्ही पट्टी ओढलीत, पास म्हणालात. मग सुरी धुवायच्या निमित्तानं मी ती आत नेली आणि मोरीच्या खिडकीच्या गजावर आकडी एकदा ओढली. खर्र. एकदाच. तेवढ्यानं धार मोडते. मग पुसून फळीवर ठेवली.

त्यानंतर दर शनिवारी मी हेच केलं.

काळजीपोटी केलं, असं मी स्वतःला समजावत होते. काळजी होतीच, खोटं कशाला बोलू. बोथट आकडी कातडीत शिरत नाही, तळव्यातही नाही. पण दादा, आता तुमच्यापुढे कशाला लपवू? मला तुमच्या रक्ताची जेवढी भीती होती, तेवढीच त्या डॉक्टरच्या बोलण्याची आणि चार लोक काय म्हणतील याची होती. सून घरात असताना म्हातारा कापून घेतो, हे मला ऐकायचं नव्हतं. आणि तुमच्याशी समोरासमोर भांडून जिंकायची माझी ताकद नव्हती. म्हणून मी मोरीत जाऊन जिंकले.

तुम्ही आकडी लावायचात, ती अडायची. तुम्ही जोर करायचात, मग सुरी उलटी करून पात्यानं कसंबसं काम उरकायचात. दोनतीनदा हाताकडे बघताना मी तुम्हाला पाहिलं. बोटं मिटायचात, उघडायचात. मी भांडी घासत राहायची.

आणि मग वैशालीताईंचा जावई आला. गेल्या वर्षी, उन्हाळा लागून तळ्याचं पाणी उतरलं तेव्हा. नातीचं नवं लग्न, नातजावई पहिल्यांदा आजोळी येणार, सोबत त्याचे आईवडील. आपल्या घरची रीत मला तुम्हीच सांगितली होती: नव्या जावयासाठी तळ्यातला जिताडा धरायचा, घरातल्या वडील माणसानं तो सगळ्यांच्या देखत फाडायचा आणि डोकं जावयाच्या ताटात वाढायचं. तुमच्या सासऱ्यानंही तुम्हाला असंच वाढलं होतं. तुम्ही चार दिवस आधीपासून खूश. धोतर इस्त्री करून घेतलंत. आदल्या संध्याकाळी मला म्हणालात, "उद्या चांगली लाव हां. पावने हायत."

मी चांगली लावली. पट्टी इतकी सुरेख चिरली की तुम्ही ती नितीनला दाखवलीत. नंतर मी मोरीत गेले. गजापाशी उभी राहिले. उद्या पाहुणे आहेत, हे माझ्या लक्षात होतं. पाहुण्यांसमोर कापलं तर काय, हेही लक्षात होतं. मी आकडी ओढली.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी सगळे गोल करून उभे होते. नातजावयानं मोबाइल वर धरला होता. तुम्ही आकडी घातलीत, ओढलीत, ती अडली. पुन्हा ओढलीत. कातडी फाटली, मांस ओरबाडलं गेलं. तुम्ही घाईनं सुरी फिरवलीत आणि टोक आत गेलं. ते हिरवं पाणी फळीवर पसरलं. व्याही समजूतदार होते, "होतं हो, होतं," म्हणाले. नातजावयानं मोबाइल खिशात घातला. तुम्ही सुरी खाली ठेवलीत आणि हसून म्हणालात, "हात गेला माजा."

आणि मी काय म्हटलं? आठवतं ना? मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "असू दे दादा, वय झालं आता."

हे वाक्य मी तोंडातून काढलं. गजापाशी जे केलं ते एक वेळ भीतीनं केलं म्हणेन, पण हे वाक्य कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मान हलवलीत. हो, वय झालं. नितीननं धुऊन, मिठाचं पाणी लावून मासा वाचवायचा प्रयत्न केला, पण रस्सा कडू झाला तो झालाच. पाहुण्यांनी निमूट खाल्ला.

त्यानंतर तुम्ही घरात मासा फाडला नाहीत. नितीन बाजारातून कापून आणू लागला. आईंनी एकदा विचारलं तर तुम्ही पुन्हा तेच, "हात गेला." मात्र शनिवारची हाक चालूच राहिली. "सूनबाय, धार लाव गो." मला वाटलं, सवय आहे म्हाताऱ्याची, शिवाय गंज चढायला नको. मी धार लावायची, तुम्ही पास म्हणायचात, आणि मी आत जाऊन गजाला ओढायची. तुम्ही वापरत नव्हतात तरीही. न जाणो, एखाद्या रविवारी लहर आली तर!

मी स्वतःला हुशार समजत होते, दादा, त्यामुळे किती गोष्टी डोळ्यांसमोरून गेल्या बघा. आकडी रुंद होत चालली होती. चोच पातळ पडली होती. आठवड्याला एकदा घासून एवढं पोलाद जात नाही. मला वाटलं, पेपर खरखरीत असेल, म्हणून गाळ्यातून बारीक नंबरचा मागून आणला. तुम्ही दर रविवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन हरीकाकांकडे फिरायला जायचात आणि आलात की अंगाला मासळीचा वास यायचा. मला वाटलं, खाडीवर बसत असाल. एकदा अंगठ्याला पट्टी दिसली. विचारलं तर म्हणालात, "कालवाचा कवच लागला." मी गोळ्यांवरून चार शब्द सुनावले आणि तुम्ही निमूट ऐकून घेतलेत.

मग ती शेवटची दुपार. तुम्ही जेवून पडवीत आडवे झालात, मी ताक विचारायला आले, आणि तुम्ही उठला नाहीत. तुमच्या हृदयाचंच ते, सुरीशी त्याचा काही संबंध नाही, हे मला डॉक्टरनं सांगितलं, मीच विचारल्यावर. तरी मला ते दोनदा ऐकावंसं वाटलं.

दहाव्यानंतर हरीकाका आले. तुमचा मिठागरापासूनचा मित्र. दहा दिवस ते दारात येऊन बाहेरूनच परत जात होते. त्या दिवशी पडवीत बसले. शेजारच्या काकू तेव्हा सांगत होत्या की शेवटी शेवटी दादांचा हात गेला होता, बिचाऱ्यांना मासा फाडता येईना, आणि ही सून म्हणून किती सांभाळून घेतलं. काकू गेल्यावर मी चहा घेऊन आले, तेव्हा हरीकाकांनी कप बाजूला ठेवला.

"सूनबाय, त्याचा हात काय गेलाबिला नव्हता."

मी तिथेच खाली बसले.

"रविवारी माज्याकडं काय करायला यायचा तो? आमच्या पाड्यातला सगला मासा तोच फाडायचा. माजा, बाजूवाल्यांचा, पोरी घेऊन यायच्या त्यांचा पन. एक पित्त फुटला नाय दीड वरसात. हात थरथरायचा, पन मासलीला लागला का थांबायचा."

"सुरी कुठली?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

"तीच. पिशवीत आनायचा. आला का पयला बसून धार लावायचा. डोल्यानं दिसत नाय, तर बोटानं चाचपून लावायचा. मी बोललो, अरं तुजी सून लावते ना शनवारी? हसला. बोलला, लावते ना, माज्यापेक्षा चांगली लावते. मंग आत जाऊन गजावर पुसते."

हरीकाका माझ्याकडे बघत नव्हते. तळ्याकडे बघत होते.

"त्या पावन्यांच्या टायमाला त्याला खरंच वाटला का हात गेला. माज्याकडं येऊन रडला. पुढल्या शनवारी पडवीत बसला नि आतून आवाज ऐकला. डोलं गेलं, कान नव्हतं गेलं त्याचं."

मी म्हटलं, "मग मला बोलले का नाहीत? ओरडायचं होतं. हाकलून द्यायचं होतं."

"मी पन तेच बोललो. तर बोलला, ती घाबरते, हरी. त्या रिक्षात तिचा हात माज्यापेक्षा जास्ती थरथरत होता." पुढचं सांगावं की नाही असं हरीकाकांच्या चेहऱ्यावर होतं. "आनि जाताना, सगला काम झाला का, आमच्या हापशाच्या दांड्यावर आकडी एकदा ओढायचा. दर रविवारी. मी बोललो, यडा का खुला तू? आताच धार लावलीस ना? बोलला, घरी जाऊन तिला धार गावली तर बिचारी तोंड कुटं लपवल?"

दादा.

मी तुमची धार मोडायची, तुम्ही ती लावायचात, आणि मग माझी लबाडी शाबूत राहावी म्हणून तुम्ही ती स्वतःच्या हातानं परत मोडायचात. हातात सुरी घेऊन रविवारच्या उन्हात हापशापाशी वाकलेले तुम्ही मला दिसता. दीड वर्ष. घरात सगळ्यांसमोर हात गेलेला म्हातारा होऊन बसलात, माझ्या तोंडची ती "वय झालं"ची सहानुभूती गिळलीत, आणि दर शनिवारी पट्टी चिरून मला पास म्हणालात. कशात पास, दादा?

उठताना हरीकाका म्हणाले, "तुला लागंल म्हनून बोलनार नव्हतो. पन तो आता नाय, आनि कोनी बोलला का त्याचा हात गेला होता, तर मना सहन नाय होत. तू काय तो बघ."

मी लगेच काही केलं नाही, हेही सांगते. लोक येत राहिले, "हात गेला होता हो त्यांचा" म्हणत राहिले, मला शहाणी म्हणत राहिले, आणि मी चहा देत राहिले. एकदा तर नितीनला सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर उद्या दूध किती घेऊ. मनात म्हणायची, आता सांगून काय होणार, दादा तर गेले. दादांनीच ते झाकून ठेवलं होतं, मग मी कशाला उघडू? किती सोयीचं होतं बघा. तुमचं मोठेपणही मी माझ्याच बाजूला ओढून घेत होते.

तेरावं झालं, आणि घरात पुन्हा मासळी शिजवायचा दिवस आला. नितीननं आणि वैशालीताईंच्या जावयानं तळ्यात जाळं टाकून जिताडा धरला. मागच्या दारी सगळे जमले, तुमच्याच फळीभोवती. नितीन म्हणाला, बाजारात नेऊन फाडून आणतो. तेव्हा नातजावई, तो पोरगा खरंच प्रेमानं बोलला, "आजोबांना किती हौस होती. पण शेवटी हातच गेला ना त्यांचा."

"नव्हता गेला," मी म्हटलं.

आवाज माझाच होता. मग मी थांबले नाही. पडवीतली धार, मोरीतला गज, पाहुण्यांचा दिवस, हरीकाका, हापसा, सगळं सांगितलं. सांगताना मी मातीकडे बघत होते. संपलं तेव्हा वर बघितलं. नितीनच्या हातात जाळं तसंच होतं. "मला तरी सांगायचं होतंस," एवढंच तो म्हणाला. वैशालीताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या घरात निघून गेल्या.

आई जोत्यावर बसल्या होत्या. त्या दिवसांत त्या फारसं बोलतच नव्हत्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील, चांगलं नाहीतर वाईट. त्या उठल्या, आत गेल्या आणि फळीवरची सुरी, पेन्सिल, ती काजळाची डबी असं सगळं ओच्यात घेऊन आल्या. माझ्या पुढ्यात ठेवलं.

"लाव धार," म्हणाल्या. "सगल्यांसमोर लाव. नि तूच फाड."

मी जमिनीवर बसले. आकडीला काळं लावलं, पेपर ओला केला. आतून बाहेर. परत आत नाही. सगळे उभे होते आणि कोणी हलत नव्हतं. माझ्याकडे इतका वेळ कधी कोणी बघितलं नव्हतं. जवळून पाहिलं तेव्हा आकडीच्या पोलादावर मला दोन तऱ्हेचे ओरखडे दिसले, एक माझ्या हाताचे, दुसरे थोडे तिरके. डोळ्यानं न बघता, बोटानं चाचपून लावलेल्या धारेचे. इतके महिने ती तिरपी रेघ माझ्या हाताखाली होती. धार बसल्यावर मी वर्तमानपत्राची पट्टी ओढली. चिरली. पास म्हणायला कोणी नव्हतं.

मग मासा. खाली घातली, वर ओढली. हात थरथरत होता, माझा, पस्तिशीतला. पित्त शाबूत निघालं. मी ते दोन बोटांत धरून आईंना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि मान फिरवली. डोकं नातजावयाच्या ताटात वाढलं, कारण गेल्या वर्षीचं ते राहून गेलं होतं. तो जेवला. वैशालीताई जेवल्या, पण संध्याकाळी निघताना त्यांनी माझे हात धरले नाहीत. "येते मीनल," एवढंच म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. मला कोणी शहाणी म्हटलं नाही, आणि खरं सांगू, कित्येक दिवसांत मी त्या रात्री पहिल्यांदा झोपले.

तुमची माफी मागायला हवी, पण ती मागू कशी ते कळत नाही. तुम्ही तर मला अपराधी व्हायलाच दिलं नाहीत. ओरडला असतात तर मी रडले असते, पाया पडले असते, आणि पुढच्या रविवारी आपण पुन्हा मासळीवरून भांडलो असतो. ते भांडण मला हवं होतं, दादा. तुम्ही मला जपलंत आणि ते भांडण मात्र बरोबर घेऊन गेलात. तुमच्यावर रागही येतो. मग हापसा आठवतो, आणि रागाला जागा उरत नाही.

आज शनिवार. नितीन मोरीतल्या खिडकीजवळ उभा होता. गजावर एका जागचा रंग पूर्ण उडालाय, बोटभर लोखंड उघडं पडून गुळगुळीत झालंय. घरातली सगळी माणसं दीड वर्ष त्या खिडकीशी हात धूत होती. "रंग मारून टाकू का?" त्यानं विचारलं. मी नको म्हटलं.

संध्याकाळी पडवीत बसले. हाक कोणी मारली नाही, तरी बसले. सुरी फळीवर ठेवलीय, तुमच्या टोपीशेजारी. धार लावलीय, दादा. गजाला लावलेली नाही.